लता ब्रान्दिसोवा: पार्दुबित्सेची बेचाळीस वर्षांची विजेती

रिकीब (धागाकर्ती)

अडथळ्यांची घोडेशर्यत म्हटलं की आपल्याला लिव्हरपूलची ग्रँड नॅशनल आठवते आणि तिथेच आपली माहिती संपते. मध्य युरोपात विचाराल तर लोक आधी वेल्का पार्दुबित्स्काचं नाव घेतील. प्रागच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर पार्दुबित्से नावाचं शहर आहे, तिथे १८७४ पासून ही शर्यत होते. आजचं अंतर ६९०० मीटर, अडथळे ३१, आणि वाटेत चक्क नांगरलेलं शेत. सात किलोमीटर धावायचं, त्यात ढेकळांतून, म्हणजे घोड्याची निम्मी ताकद पायाखालची माती खाते.

यातला चौथा अडथळा ताक्सिस. दीड मीटर उंच झुडपी कुंपण आणि त्याला लागून पलीकडे खंदक. विसाव्या शतकात बराच काळ हा खंदक ५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल होता. घोड्याला अलीकडून तो दिसतच नाही. त्यामुळे भरधाव यायचं आणि घोड्याला न दिसणाऱ्या गोष्टीवरून लांब झेपावायला लावायचं. स्वाराने घाबरून लगाम जरा आवळला तर दोघेही खड्ड्यात. हा अडथळा फार धोक्याचा आहे, काढून टाका, अशी मागणी सुरुवातीच्या काळातच झाली होती. एगोन थुर्न उंड ताक्सिस नावाच्या राजपुत्राने तो राहू द्या म्हणून आग्रह धरला, म्हणून त्याचंच नाव पडलं.

१७ ऑक्टोबर १९३७ रोजी ही शर्यत लता ब्रान्दिसोवा या बाईंनी जिंकली. वय ४२. त्याआधी कुणा बाईने ती जिंकली नव्हती आणि नंतरही आजवर जिंकलेली नाही.

त्या एका दुपारबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला जास्त रस आहे तो त्याआधीच्या दहा वर्षांत, कारण जॉकीची कारकीर्द म्हणतात ती तिथे दिसते.

लताचा जन्म जून १८९५ मध्ये कुत्ना होराजवळच्या ऊमोनीनचा. पाळण्यातलं नाव मारी इमाक्युलाटा, त्याचं लाडाने लता झालं. क्रिस्तिना ही जुळी बहीण. वडील घोडदळात अधिकारी होते, घर उमराव घराण्यातलं, आणि नंतर सगळे प्रागच्या नैर्ऋत्येला र्झित्का इथे राहायला गेले. मुलींना घोड्यावर बसवण्यात वडिलांनी हात आखडता घेतला नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं, चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला, आणि नव्या प्रजासत्ताकाने डिसेंबर १९१८ मध्ये सगळ्या उमराव पदव्या कायद्याने रद्द केल्या. म्हणजे लोक तिला काउंटेस म्हणत, पण कागदावर ती साधी नागरिक होती.

तिच्या नात्यातला झ्देन्को राद्स्लाव किन्स्की हा ख्लुमेत्सचा. या किन्स्की घराण्याची स्वतःची घोड्यांची पैदास होती आणि त्यातले अनेक घोडे सोनेरी-पिवळट रंगाचे, उन्हात चमकणारे. १९२७ साली किन्स्कीने लताला वेल्का पार्दुबित्स्कात आपल्या घोडीवर बसवायचं ठरवलं. गदारोळ झाला. या शर्यतीत तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा असे, आणि बाईबरोबर स्पर्धा करायची म्हणजे काय, हरलो तर तोंड कुठे लपवायचं, असा त्यांचा सूर. शेवटी परवानगी मिळाली. नेव्येस्ता नावाच्या घोडीवर ती उतरली, वाटेत पडली, उठून पुन्हा बसली, आणि पाचवी आली. पडलेल्या स्वाराने पुन्हा मांड ठोकून शर्यत पुरी करायची मुभा तेव्हा होती.

हे वाचताना मी जरा थांबले होते. पदार्पणातच आपटल्यावर, हजारो लोकांसमोर, "बघा, आम्ही सांगत होतो" म्हणणारे अधिकारी आजूबाजूला असताना परत खोगीर गाठायचं आणि पुढच्या कुंपणाकडे घोडी वळवायची. जिंकण्यापेक्षा मला हे अवघड वाटतं.

त्यानंतर ती येत राहिली. नेव्येस्तानंतर नॉर्बर्ट, आणि मग नॉर्मा नावाची घोडी. १९३३ आणि १९३४ मध्ये नॉर्मावर ती पहिल्या तिघांत आली. याच काळात ही शर्यत किती जीवघेणी होती त्याचा एकच दाखला देते. कॅप्टन रुडोल्फ पोपलेर हा चेक सैन्यातला नावाजलेला स्वार. १९२६ आणि १९३० मध्ये हीच शर्यत त्याने जिंकली होती, १९३१ ची ग्रँड नॅशनलही तो धावला होता. १९३२ मध्ये पार्दुबित्सेत पडून तो गेला. लता मात्र पुढेही येत राहिली.

१९३७ पर्यंत वातावरण बदललेलं होतं. मागची काही वर्षं जर्मन स्वार येऊन शर्यत जिंकून जात होते, आणि त्यांच्यातले काही नाझी संघटनांचे सदस्य होते. सीमेवर हिटलरचा दबाव वाढत होता. शर्यतीच्या महिनाभर आधी, १४ सप्टेंबरला, देशाचे संस्थापक अध्यक्ष मासारिक वारले होते. मासारिक स्वतः म्हातारपणीही घोडेस्वारी करत, त्यामुळे घोड्यावर बसलेला मासारिक ही त्या लोकांची घरोघरी ओळखीची छबी. अशा वेळी नॉर्मा या सोनेरी किन्स्की घोडीवर बसलेली त्यांची बाई जर्मनांना मागे टाकून पहिली आली. प्रेक्षक मैदानात घुसले नसते तरच नवल.

पुढचं मुद्दाम लिहीत नाही, कुणी विचारलं तर प्रतिसादांत लिहीन.

---

अनघा_प

नाव वाचून धागा उघडला आणि भलतीकडेच पोचले 🙂 फार आवडलं. ती एका बाजूला पाय टाकून बसायची का, जुन्या चित्रांतल्या मडमांसारखी? आणि डोक्यावर हेल्मेट वगैरे काही?

---

रिकीब

नाही हो अनघाताई, पुरुषांसारखीच दोन्हीकडे पाय टाकून. ताक्सिसवरून एका अंगाने बसून जाणं म्हणजे आत्महत्याच.

हेल्मेटची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १९२३ ची ग्रँड नॅशनल कॅप्टन 'टपी' बेनेट या हौशी स्वाराने सार्जंट मर्फी या तेरा वर्षांच्या घोड्यावर जिंकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वुल्व्हरहॅम्प्टनला तो पडला, घोड्याची लाथ डोक्याला बसली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्यानंतर तिथे उड्यांच्या शर्यतीत शिरस्त्राण सक्तीचं झालं. ते शिरस्त्राण म्हणजे आतासारखं नव्हे, टोपीखाली घालायची कडक वाटी. जबडा, मान, पाठ सगळं उघडं.

---

तिरसट

लेख चांगला आहे पण एक खटकतं. नातेवाईक उमराव, घोडे त्याचे, शेत त्याचं, आणि ही बाई वर्षातून एकदा मोठ्या शर्यतीत उतरणार. याला "कारकीर्द" म्हणायचं? त्याच काळात इंग्लंडात पोटासाठी रोज पडणारे जॉकी होते. हाडं मोडली की कमाई बंद. त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही, कारण ते राजवाड्यात जन्मले नव्हते.

---

जुना पंटर

तिरसटराव, घ्या, मी काढतो त्यांची बाजू. आमचा जन्म पुण्याच्या रेसकोर्सच्या कठड्याला टेकण्यात गेला. पण आपल्याकडे सगळा कारभार सपाट शर्यतींचा, महालक्ष्मीला काय आणि पुण्याला काय. उड्यांच्या शर्यतींचं वेड मला जुने इंग्रजी रेसिंगचे अंक वाचून लागलं.

त्या काळाचा माणूस निवडायचा तर जेरी विल्सन. १९३२-३३ पासून १९३७-३८ पर्यंत सलग सहा हंगाम ब्रिटनचा चॅम्पियन जंप जॉकी, आणि युद्धात १९४०-४१ ला आणखी एकदा. आता तुम्हाला वाटेल चॅम्पियन म्हणजे शेकड्यांनी विजय. छे. तेव्हा हंगामात ६०-७० विजय मिळाले तरी माणूस अव्वल ठरत असे. शर्यती कमी, प्रवास आगगाडीचा, आणि निम्मा काळ प्लास्टरमध्ये.

१९३४ ला विल्सन गोल्डन मिलरवर बसून चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला आणि त्याच महिन्यात ग्रँड नॅशनलही. एकाच वर्षी या दोन्ही शर्यती जिंकणारा घोडा आजवर तो एकच. वजन किती वाहत होता? १२ स्टोन २ पौंड, म्हणजे ७७ किलो. वेळ ९ मिनिटं २० सेकंद आणि वर काही, तेव्हाचा विक्रम.

आणि आता १९३५. गोल्ड कपला थॉमंड दुसरा या घोड्याशी अशी झुंज झाली की बघणारे म्हातारे होईपर्यंत सांगत राहिले; गोल्डन मिलर पाऊण लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या पाऊण लांबीने जिंकला. थॉमंडवर होता बिली स्पेक. पुढच्याच महिन्यात चेल्टनहॅमलाच पडून स्पेक गेला बिचारा. मधल्या काळात ग्रँड नॅशनल झाली. गोल्डन मिलरचा भाव २/१, म्हणजे रुपया लावला तर नफा फक्त दोन रुपये; त्या शर्यतीच्या इतिहासात इतका कमी भाव कुणाचा लागला नव्हता. अख्ख्या इंग्लंडने पैसे लावलेले. आणि पहिल्या फेरीत, व्हॅलेंटाइन्स नावाचं कुंपण ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर घोडा बिचकला, विल्सन खाली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दुसऱ्या शर्यतीत पुन्हा उतरवला, तर पहिल्याच कुंपणाला विल्सन पुन्हा खाली! मग काय, नाना तर्क. मालकीण डोरोथी पॅजेट, भयंकर श्रीमंत आणि तितकीच लहरी. ट्रेनर बेझिल ब्रिस्को आणि तिची अशी जुंपली की घोडे दुसऱ्या तबेल्यात गेले. पुढच्या दोन्ही वर्षी घोड्याने एन्ट्रीला, म्हणजे ग्रँड नॅशनलच्या मैदानावर, ती शर्यत पुरी केली नाही. गोल्ड कप मात्र १९३६ ला पाचव्यांदा जिंकला, स्वार वेगळा, एव्हन विल्यम्स. म्हणजे घोडा संपलेला नव्हता, त्याला एन्ट्रीच नको होतं. घोड्याची स्मरणशक्ती भारी असते हो. माणूस समजूत घालून घेतो, घोडा घेत नाही.

---

गणोबा

पंटरकाका, वेगळा धागा काढा की. वाचनखूण साठवली.

---

रिकीब

पंटरकाका, दंडवत.

तिरसट, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. किन्स्की नसता तर लता पार्दुबित्सेच्या सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचलीच नसती, हे उघड आहे. पण दोन गोष्टी. पहिली, हौशी आणि व्यावसायिक हा भेद इंग्लंडातही तितका सरळ नव्हता. १९२८ ची ग्रँड नॅशनल बघा. ४२ घोडे सुटले, ईस्टर हीरो कॅनॉल टर्नच्या कुंपणावर अडकला, मागून येणाऱ्यांचा चेंदामेंदा झाला, आणि शेवटी उभा राहिला तो १००/१ भावाचा टिपरेरी टिम. त्याच्यावर बिल डटन नावाचा वकील होता, हौशी स्वार. दुसरा आलेला घोडा बिली बार्टन शेवटच्या कुंपणाला पडून पुन्हा स्वार बसवून आला. बाकी कुणी पोचलंच नाही. डटनला आपण हौशी म्हणून बाजूला टाकत नाही.

दुसरी, बाईला व्यावसायिक जॉकी होण्याचा रस्ताच कुठे होता? विल्सनसारखं पोटासाठी घोडा चालवायची परवानगी इंग्लंडात बाईला मिळायला आणखी चाळीसेक वर्षं जावी लागली. जिथे दार एकच उघडं आहे आणि ते नातेवाइकाच्या तबेल्यातून जातं, तिथे ती तिथूनच येणार. त्या काळच्या किती उमराव मुलींना हे दार उघडं होतं? बऱ्याच जणींना असेल. ताक्सिसवर त्यातली एकच दिसते.

---

तिरसट

ठीक. दाराचा मुद्दा पटला. बाकी उमरावांबद्दल मत तेच.

---

सांगवीकर

जरा कडू विचारतो. अशा शर्यतीत घोडे मरतात ना? आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ ला अटींसह सुरू झाल्या, २०२३ ला निकाल लागला. तेव्हा आम्हा गावाकडच्यांना शहरी मंडळींनी काय काय ऐकवलं होतं. आणि इथे ५ मीटरचा न दिसणारा खंदक, त्यावर सगळे वाहवा करताहेत.

---

रिकीब

सांगवीकर, कडू नाही, रास्त आहे. मरतात. ताक्सिसने बरेच घोडे घेतले आहेत. तिथेही हा वाद झाला: १९९२ साली आंदोलक थेट धावपट्टीवर उतरले आणि पोलिसांशी झटापट झाली. त्यानंतर खंदक अरुंद आणि उथळ केला, साधारण ४ मीटर रुंद आणि १ मीटर खोल. जुने लोक म्हणतात शर्यत मवाळ झाली. माझ्या मते करायला हवं होतं ते फार उशिरा केलं. लताच्या धाडसाचं कौतुक करताना नॉर्माने काही संमतीपत्र दिलेलं नव्हतं, हे मीही विसरत नाही.

---

प्रागवासी

नोकरीनिमित्त इथे असल्याने शर्यतीला जाणं होतं. काही गोष्टी भर घालतो.

शर्यत ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असते. प्रागहून आगगाडीने तासाभराचा रस्ता. पार्दुबित्से दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, मसालेदार गोड पेर्निक आणि ही शर्यत. (तिसरी गोष्ट सेमटेक्स स्फोटकं, तीही इथल्याच कारखान्यातली, पण ते कुणी पर्यटन पत्रकात छापत नाही.) मैदान इतकं पसरलेलं आहे की एका जागी बसून सगळी शर्यत दिसत नाही. लोक ताक्सिसपाशी गर्दी करतात, घोडे गेले की बाकीची शर्यत पडद्यावर. थंडी, पाऊस, चिखल गृहीत धरा.

घोड्यांचं वेड असेल तर जवळच क्लाद्रुबीला पांढऱ्या आणि काळ्या घोड्यांची जुनी सरकारी पैदास आहे, २०१९ पासून जागतिक वारसा यादीत. लता मात्र इथे आता अनोळखी नाही. कम्युनिस्ट काळात तिचं नाव कुणी घेत नसे, असं म्हातारे सहकारी सांगतात.

---

मीनल

मी विचारते, पुढे काय झालं तिचं?

---

रिकीब

विचारलंत बरं केलंत मीनल.

१९३८ ची शर्यत झालीच नाही. सप्टेंबरअखेर म्युनिक करार झाला, सीमेकडचा प्रदेश जर्मनीने घेतला, ऑक्टोबरात घोडे पळवायच्या मनःस्थितीत कोण असणार. म्हणजे विजेती म्हणून पुन्हा येऊन मानाने धावायची तिची संधीच गेली. मार्च १९३९ मध्ये उरलेला चेक प्रदेशही जर्मनांच्या ताब्यात गेला. किन्स्की हा त्या चेक उमरावांपैकी होता ज्यांनी म्युनिकच्या सुमारास आपण चेक राज्याशी एकनिष्ठ आहोत असं जाहीरपणे सांगितलं. युद्धात जर्मनांनी त्याच्या जमिनी काढून घेतल्या. तिरसट, तुमच्या उमरावांच्या खात्यावर एवढं तरी जमा करा.

वेल्का पार्दुबित्स्का १९४६ ला परत सुरू झाली. लता पन्नाशीत होती, तरी घोडा सोडला नव्हता. १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट सत्तेवर आले. मग र्झित्काची मालमत्ता सरकारजमा. त्याच सुमारास पार्दुबित्सेतच एका शर्यतीत ती फार वाईट पडली आणि तिचं धावणं थांबलं. पुढची वर्षं बहिणींबरोबर एका छोट्या घरात गेली. जर्मनांनी चेक म्हणून छळलं, कम्युनिस्टांनी उमराव म्हणून, असा दुहेरी हिशोब त्या पिढीतल्या बऱ्याच घरांच्या वाट्याला आला. अगदी शेवटी ती ऑस्ट्रियात नातेवाइकांकडे गेली आणि मे १९८१ मध्ये तिथेच वारली. वय ८५.

---

जुना पंटर

युद्धाने इंग्रज जॉकींचंही काही कमी केलं नाही. १९२९ ला ग्रेगलॅकवर नॅशनल जिंकणारा बॉब एव्हरेट आणि १९३५ ला रेनोल्ड्सटाउनवर जिंकणारा फ्रँक फर्लाँग, दोघेही नौदलाच्या विमानदळात गेले आणि दोघेही परतले नाहीत.

आणि रिकीबताई, एक गंमत बघा. ऑक्टोबर १९३७ ला तुमची लता ४२ व्या वर्षी पार्दुबित्से जिंकते, आणि पाच महिन्यांनी मार्च १९३८ ला ग्रँड नॅशनल जिंकतो ब्रूस हॉब्स, वय १७! घोडा बॅटलशिप, बुटका, भाव ४०/१, आणि जिंकला तो जेमतेम डोक्याइतक्या फरकाने. वयाचे सिद्धांत मांडणाऱ्यांनी काय करायचं?

---

अनघा_प

ग्रँड नॅशनलमध्ये बाई कधी आली मग?

---

रिकीब

१९७७ मध्ये शार्लट ब्रू, बॅरोनी फोर्टवर, ही पहिली उतरलेली. जिंकली ती २०२१ मध्ये रेचल ब्लॅकमोर, मिनेला टाइम्सवर. लताच्या विजयानंतर ८४ वर्षांनी. ब्लॅकमोर मात्र पूर्णवेळ व्यावसायिक, तिरसटांना चालेल अशी.

---

तिरसट

चालेल 🙂 पण पंटरकाकांचा डोरोथी पॅजेटवरचा धागा आधी हवा.

---

जुना पंटर

लिहितो. त्याआधी कुणीतरी योसेफ वान्यावर लिहा. पार्दुबित्से आठ वेळा जिंकला तो, त्यातल्या चार एकट्या झेलेझ्निक घोड्यावर, आणि शेवटची २०११ ला, साठीला टेकलेला असताना. प्रागवासी, तुम्ही तिथेच आहात, हे काम तुमचं.

---

प्रागवासी

घेतलं. ऑक्टोबरात जाऊन आल्यावर लिहितो, फोटोंसकट. कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उभ्याची तिकिटं सहज मिळतात, बसायची लवकर संपतात.